बर्फाच्या टबातलं विसर्जन

आमच्या लंडनमधल्या रग्बी क्लबचे सामने दाखवणाऱ्या स्थानिक टीव्ही चॅनलने करार गुंडाळला, तेव्हा सर्वांत आधी ऑफिसातली बिस्किटं बंद झाली. मग मैदानाचं गवत कापणारा अर्धवेळ झाला. मी तिथला अकाउंटंट. पुढचा नंबर कुणाचा, हे टाइप करायचं काम माझ्याकडेच होतं आणि नंबर माझाच होता. चेअरमन म्हणाले, "वरचा हॉल रिकामा पडून असतो. तो भाड्याने लावून दाखव, नाहीतर ख्रिसमसला तुझं काम संपलं." नोकरी गेली की मागोमाग व्हिसाही जाणार होता.

मी जवळच्या हॅरो भागातल्या मराठी मंडळाला गाठलं. पाच दिवस हॉलमध्ये गणपती बसले, भाडं आगाऊ मिळालं. चेअरमननी सात मोदक खाल्ले. म्हटलं, सुटलो बुवा.

विसर्जनाच्या दिवशी मंडळाने आणलेला टब गाडीतून उतरवतानाच फुटला. मंडळाच्या अध्यक्षा, साठीच्या काकू, खाली चक्कर मारून आल्या.

"अरे, तळमजल्यावर केवढा टब आहे. पाणी पण एकदम क्लीन. तोच घेऊ या."

सामन्यानंतर दुखरं अंग गार करायला खेळाडू ज्यात बसतात, तो बर्फाच्या पाण्याचा टब होता. पण काकूंना 'नको' म्हणणारा माणूस मंडळात अजून जन्माला यायचाय. शाडूची मूर्ती त्यात बुडाली. सकाळी लवकर येऊन साफ करीन, असं ठरवून मी घरी गेलो.

सकाळी माझ्याआधी संघाचा कॅप्टन पोचला होता. दाराएवढा रुंद माणूस, टबात नडगीभर गाळात उभा. मी घाबरत खरं ते सांगून टाकलं.

"म्हणजे मी तुमच्या देवावर उभा आहे?"

"देव काल घरी गेले. ही नुसती माती."

तरी त्याने बाहेर येऊन टबाला 'सॉरी' म्हटलं. मग बादली घेऊन माझ्याबरोबर तासभर गाळ उपसला आणि चेअरमनना चकार शब्द सांगितला नाही.

हॉलला गिऱ्हाइकं लागली, माझी नोकरी टिकली. पण टीव्हीच्या पैशांचं भगदाड हॉलच्या भाड्याने थोडंच बुजतंय? महिन्याभरात कॅप्टनचा करार न वाढवण्याचं पत्र मीच टाइप केलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तो पत्र न्यायला आला. उभ्याउभ्या वाचलं, घडी करून खिशात घातलं.

"पुढच्या वर्षी तुमचे देव उचलायला माणूस लागेल ना?" तो म्हणाला. "मी मोकळा आहे."