ज्या भाषेत भांडण झालं नव्हतं

"येतेय, थांबा."

मुरबाडच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत डोकं घातलं की हे दोन शब्द ऐकू यायचे. बोलणारा माणूस मान वर करायचा नाही. गुरं अडवावीत तसा डावा पंजा तेवढा उभा करायचा आणि उजव्या हाताने नोंदी करत राहायचा. कुठली गाडी ते तुम्ही अजून विचारलेलंही नसायचं. तुमच्यापैकी कोणी नव्वदच्या दशकात कल्याण-मुरबाड रस्त्याने ये-जा केली असेल, तर तो पंजा तुम्ही पाहिलाच असणार आणि मनातल्या मनात त्याला शिव्याही घातल्या असणार. मी तर उघड घातल्यात.

ते वाहतूक नियंत्रक. अख्खं गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं. मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. स्टँडच्या मागे एकाच ओट्यावर तीन बिऱ्हाडं होती, त्यातलं एक त्यांचं आणि लगतचं माझं. मी त्यांना भाऊ म्हणायचे, त्यांच्या बायकोला वहिनी, आणि ती दोघं मला बाई.

एसटीवर या माणसाचा असा काही विश्वास, की बोलायची सोय नाही. फाटकाबाहेर काळ्या-पिवळ्या जीपा उभ्या असायच्या, "कल्याण, कल्याण, एक शीट" करत गिऱ्हाईक ओढायच्या. कंट्रोलर माईकवरून त्यांना ऐकवायचे, "ज्यांना लोंबकळायची हौस असेल त्यांनी बाहेर जावं." त्यांच्या घरातलं माणूस कधी जीपमध्ये बसलं नव्हतं. वहिनी सांगायच्या, "ह्यांनी मला बापाच्या मयताला पण एसटीनेच नेली. आमी पोचलो तर लोक आंघोळी करून घरी चाललेले." हे सांगताना त्या हसायच्या. तेव्हा त्या हसायच्या.

मुलगा एकच. कल्याणला कॉलेजात जायचा आणि स्टेशनजवळच्या फूटपाथवरून कसली कसली पुस्तकं उचलून आणायचा. त्यातलंच एक एस्परांतोचं. ही भाषा म्हणे कुठल्याच देशाची नाही. सगळ्या जगाला एकमेकांशी बोलता यावं म्हणून कोणीतरी बसून बनवलेली. पुस्तक नवशिक्यांसाठी, इंग्रजीतून लिहिलेलं, मागे सगळ्या स्वाध्यायांची उत्तरं. पोरगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून धडे मोठ्याने वाचायचा आणि वहिनी भाकऱ्या थापता थापता त्याच्या मागोमाग म्हणायच्या. 'सालूतोन' म्हणजे नमस्कार. मी दारात दिसले की वहिनी पिठाचे हात जोडून "सालूतोन, बाई" म्हणायच्या आणि मायलेक खिदळायचे.

मग तो दिवस आला. पोराची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. माळशेजकडून येणाऱ्या कल्याण गाडीचा पत्ता नव्हता. पोरगा खिडकीशी येऊन उभा राहिला. कंट्रोलरांनी गाडीच्या वाटेवरच्या टोकावड्याला फोन लावला, तो लागला नाही. मागे प्रवासी कावलेले. आणि जन्मात पहिल्यांदा ते म्हणाले, "जीपने जा. परीक्षा चुकेल." पोरगा गेला. थोड्याच वेळात गाडी आली आणि कंट्रोलरांनीच माईकवरून सांगितलं की कल्याणला जाणारी गाडी लागली आहे. जीप वाटेत एका मोरीच्या कठड्यावर आदळली हे कळायला दुपार झाली. बाकीच्यांचे हातपाय मोडले. गेला तो हा एकटाच.

वहिनी रडल्या, दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. हे आमच्या लक्षात यायलाही कितीतरी महिने गेले. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याशी तशाही थेट कुठे बोलतात? भिंतीकडे बघायचं, "घरात कुणाला दळणाची आठवण हाय का" असं हवेत सोडायचं, आणि नवऱ्याने ते झेलायचं. वहिनी पहिल्यापासून तशाच बोलायच्या. पण हळूहळू भिंतीशी बोलणंही थांबलं आणि सगळे निरोप माझ्यामार्फत जायला लागले. "बाई, त्यांना सांगा, नळ आलाय." ते माझ्यासमोर उभे. मी सांगायचे, "भाऊ, नळ आलाय." ते म्हणायचे, "बरं." या दोघांपायी माझं टेलिफोन ऑफिस झालं होतं, आणि मी चिडायचेही, पण करणार काय?

एका रविवारी कंट्रोलर ते पुस्तक घेऊन माझ्या दारात आले.

"बाई, ह्यातलं इंग्लिश जरा समजवा. माझं इंग्लिश म्हंजे अरायव्हल आणि डिपार्चर."

"या वयात कशाला हे झंगट लावून घेताय?" मी विचारलं.

ते ओट्याच्या कडेला बसले. म्हणाले, "मराठीत आमचं बोलायचं संपलं, बाई. काय पण बोला, त्यात तेच ऐकू येतं. ताट वाढ म्हणलं तरी तेच ऐकू येतं. ह्या भाषेत आमी दोघं कधी भांडलो नाय. ह्या भाषेत मी कुणाला कुठं जा म्हणून सांगितलं नाय. हिच्यात पयल्यापासनं सुरू करता येईल."

"आणि वहिनी बोलतील?"

"पोराबरोबर म्हणायची की. मला धडे नकोत तिच्याकडनं. तिने माझ्याकडं बघून एक वाक्य बोललं, तरी बस झालं."

 मी पुस्तक उघडलं आणि पहिला धडा काढला.

ती शिकवणी काय वर्णावी. आधी इंग्रजी वाक्य, मग त्याचं मराठी, मग ते एस्परांतोत, असा द्राविडी प्राणायाम. एका धड्याला एकेक महिना लागायचा. पण माणूस चिकट. स्टँडवर जुन्या वेळापत्रकाच्या फळ्यामागे खडूने शब्द लिहून ठेवायचे आणि येणाऱ्या कंडक्टरला भेटल्या भेटल्या "सालूतोन" म्हणायचे. कंडक्टर म्हणायचे, "साहेब, मंत्र नंतर टाका, आधी आमच्या कागदावर सही करा." गावात बोभाटा झाला की पोरगा गेल्यापासून कंट्रोलरचं डोकं फिरलंय. पुढे दोन हजार साल उलटलं, स्टँडसमोर कॉम्प्युटर क्लास निघाला, तेव्हा डेपोतला एक कारकून भल्या मनाने म्हणाला, "ते सोडा आणि कॉम्प्युटर शिका, निदान प्रमोशनला उपयोगी पडेल." कंट्रोलर म्हणाले, "मला प्रमोशन नको."

एक धडा मात्र ते करत नव्हते. आई, बाप, मुलगा, मुलगी अशा शब्दांचा तो धडा. वर बागेत बसलेल्या कुटुंबाचं चित्र. मी पान उघडलं की ते हळूच उलटायचे आणि म्हणायचे, "हे मागनं करू." मीही उलटू द्यायचे.

शिकलेलं घरात वापरायची त्यांची एक रीत होती. दुपारी ड्यूटीवरून आले की स्वतः चहा टाकायचे आणि बायकोकडे वळून विचारायचे, "चू वी वोलास तेओन?" म्हणजे, तुला चहा हवा का? उत्तर नाही. मग थोडं थांबून, पुस्तकात असतं तसं, आपणच तिच्या वतीने "येस" म्हणायचे आणि कप तिच्यापुढे ठेवायचे. वहिनी चहा प्यायच्या. कधी गार करून प्यायच्या, पण प्यायच्या, आणि तेवढ्यावर हा माणूस पुढचा धडा काढायचा. भिंतीपलीकडून रोज ते वाक्य ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं. पुढे पुढे तर त्या वेळेला मी रेडिओ मोठा करायचे, कारण त्या प्रश्नानंतरची शांतता माझ्याने सोसवत नव्हती.

शेवटी मी वहिनींना गाठलंच. "एक शब्द बोला हो. कुत्र्या-मांजराशी बोलतो आपण. किती वर्षं झाली."

त्या तांदूळ निवडत होत्या. एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "बाई, त्यांच्याशी बोलायला माझ्यापाशी एकच वाक्य हाय. तोंड उघडलं तर तेच भाईर पडणार. म्हणून मी तोंडच उघडत नाय. तुमाला वाटतं मी त्यांना छळते. मी त्यांना वाचवते."

 इतकी वर्षं मी या बाईला मनातून दगड म्हणत होते. संध्याकाळी मी कंट्रोलरांना म्हटलं, "भाऊ, आता हा नाद सोडा. त्या नाही बोलत तेच बरं आहे. माझं ऐका."

"थोडंच राहिलंय, बाई," ते म्हणाले. "पुस्तक संपत आलं."

तो बुधवार होता, आमच्या शाळेला कसलीशी सुट्टी होती. मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते. दोन्ही घरांची दारं उघडी. कंट्रोलर आले, हातपाय धुतले, चहा टाकला. वहिनी दारातच सुपात डाळ पाखडत होत्या.

"चू वी वोलास तेओन?"

सूप थांबलं. वहिनींनी वर पाहिलं, थेट त्यांच्या तोंडाकडे, आणि अगदी हळू, अगदी स्पष्ट म्हणाल्या, "वी सेंदिस लिन."

कंट्रोलरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. बोलली. आपल्याकडे बघून बोलली. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं, पास झालेलं पोर शिक्षकाकडे बघतं तसं. ओठ हलत होते, ते वाक्य मनात लावत होते. मला ते आधीच कळलं होतं. तीन साधे शब्द, सगळे त्यांनीच घोकून घोकून तिच्या कानात घातलेले. तुम्ही त्याला पाठवलंत. मी ते त्यांच्यापर्यंत पोचताना बघत होते आणि मला मध्ये पडता येत नव्हतं.

चहा उतू गेला. त्यांनी स्टोव्ह बंद केला, बायकोकडे वळले आणि म्हणाले, "येस."

त्या दिवसानंतर आमच्या ओट्यावर सगळं उलटं झालं. वहिनी बोलायला लागल्या, तेही मराठीत, तेही थेट. "जेवायला या." "छत्री घेतली का?" "अहो, बोला की." आणि कंट्रोलर बोलायचे थांबले. जेवायचे, छत्री घ्यायचे, मान हलवायचे. पुस्तक मला आणून दिलं आणि म्हणाले, "शाळेत द्या कुणाला." स्टँडवरही लोकांना नुसता पंजा दिसायला लागला. वहिनी माझ्यापाशी येऊन रडायच्या. "इतक्या वर्सांचं पोटातलं निघालं, बाई, मला हलकं वाटलं. पण माझं हलकं झालं ते सगळं त्यांच्यावर पडलं."  आम्ही दोघी त्या एका माणसाची वाट बघत बसायचो आणि तो माणूस घरातच असायचा.

निवृत्त झाले आणि एक पत्र्याची पेटी घेऊन ते भावाकडे शेतावर निघून गेले, शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. भांडण नाही, तंटा नाही. "भाताची कामं हायेत," एवढंच भावाच्या मुलाकडून कळवलं.

भाताची कामं उरकली तरी ते आले नाहीत, तेव्हा वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "ते पुस्तक दिलंत का कुणाला?"

दिलं नव्हतं.

"त्यात 'घरी परत या' कसं म्हणतात ते बघा. मराठीत सांगून झालं. मराठीत ते ऐकत नायत."

पुस्तकात चहा होता, बाग होती, हवापाणी होतं. मी मागचा शब्दकोश धुंडाळून शब्द जुळवले. "रेवेनू हेय्मेन." वहिनींनी ते दोन शब्द पाठ केले. भाकरी थापताना म्हटले, नळावर म्हटले. मग आम्ही दोघी शहापूर गाडीत बसलो. रस्ताभर त्यांचे ओठ हलत होते.

कंट्रोलर खळ्यात गवताच्या पेंढ्या बांधत होते. खूप वाळले होते. आम्हाला पाहून उभे राहिले, मला म्हणाले, "बसा बाई, पाणी घ्या." वहिनी पुढे झाल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एवढ्या माणसांदेखत, दीर-जावेदेखत, नवऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "रेवेनू हेय्मेन."

जाऊ हसली. दिराने माझ्याकडे पाहिलं. कंट्रोलर हातातली पेंढी आवळत राहिले. मग म्हणाले, "ती भाषा आता मला येत नाय." आणि खाली वाकून पुढची पेंढी उचलली.

ते मुरबाडला परत आले नाहीत, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. तिकडेच वारले, आणि निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं. पण माझ्यापुरते ते त्या खळ्यातच संपले. त्या दिवशी परत येताना आम्ही फाट्यावर एका दगडावर बसलो होतो. वहिनी रस्त्याकडे बघत होत्या.

"बाई, मी ते बरोबर म्हणलं ना? काय चुकलं नाय ना?"

त्या काय विचारत होत्या ते मला समजलं. चुकलं असतं तर बरं झालं असतं. पण मी शिक्षिका आहे, आणि त्या बाईशी मला खोटं बोलवलं नाही.

"अगदी बरोबर म्हणालात," मी म्हटलं.

"मग त्यांना समजलं असंल," वहिनी म्हणाल्या.