मलावीला निघालेला ट्रान्समीटर

ऑक्टोबर २००६. सकाळी सातला माझ्या गाडीने ईडन प्रेरी हे गाव सोडलं. शेजारच्या सीटवर बांडा, मलावीच्या टीव्ही केंद्रातले इंजिनियर. वयाने माझ्या वडिलांएवढे, त्यामुळे मनात मी त्यांना काकाच म्हणत होतो. त्यांच्याकडे उत्तरेच्या गावांत अजून चित्र पोचत नव्हतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका छोट्या टीव्ही स्टेशनचा जुना ट्रान्समीटर आमची कंपनी त्यांना देणार होती. तो तिकडे चालेल, असा दाखला कंपनीचा इंजिनियर म्हणून माझ्या सहीने द्यायचा होता. सही नाही, तर सोमवारी मशीन भंगारात आणि काका रिकाम्या हाताने परत.

दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची शेतं. काका हळहळले, "एवढा मका, आणि न्सिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) कुणी करत नाही?" त्या गप्पांत मी हायवेवरून उतरायची एक्झिट चुकलो. जेवायला हॉटडिश (खिमा-बटाट्याचा भट्टीतला पदार्थ) मिळाला. काकांनी दोनदा घेतला.

स्टेशनवरचे म्हातारे वॉल्टर म्हणाले, "हे माझ्या लग्नापेक्षा जुनं आहे. आवाजही कमी करतं."

मशीनवरची पाटी वाचली: साठ सायकल. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ सायकलची, मलावीतली पन्नासची. तिथे आतल्या व्हॅक्यूम नळ्या थंड ठेवणाऱ्या पंख्याची मोटर मंद फिरणार, नळ्या तापून जळणार. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. खोटी सही करणार नव्हतो.

"सॉरी सर, नाही चालणार."

काका मशीनच्या मागे गेले. मागचं झाकण काढून आत डोकावले.

"पंखा पट्ट्यावर आहे ना? मग मोटरला मोठी पुली लावू, पंखा जोरात फिरेल. आमच्याकडचा कुठलाही गिरणीवाला सांगेल, पोरा."

वॉल्टर शेडमधून पुली घेऊन आले. बसवली, पंख्याचा वेग मोजला. एक पंचमांशाने वाढला होता, हवा होता तेवढाच; मलावीत मोटर मंदावली की तो बरोबर मूळ वेगावर येणार होता.

"मोटर थोडी तापेल," मी म्हणालो.

"तापू दे. मी तिच्या शेजारीच बसतो रोज."

मी सही केली. काकांनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले. खरं तर ते मी मानायचे होते.

घरी येऊन रिपोर्ट लिहायला बसलो. माझ्या डिग्रीचा मला अभिमान आहे, कष्टाने मिळवलीय. पण त्या दिवशी ती अपुरी पडली, आणि एका परक्या माणसाने मला न लाजवता पुढचं शिकवलं. रिपोर्टच्या फॉर्मवर तपासणाऱ्या इंजिनियरच्या नावाला एकच ओळ होती. तिथे मी आधी बांडा लिहिलं, आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरात माझं नाव.