बी.ए.चा टाका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच, ती माझं कौतुक करतच गेली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही समोर नाही आहात. समोर असता तर जीभ उचलली असती का? माहीत नाही.

आमच्या घरात माझ्या आधी सातवीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. निलंग्याकडचं गाव, दगडमातीचं घर, वडील लवकर वारलेले. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. दादानं सातवीतच शाळा सोडून खडी फोडली, म्हणून मी लातूरच्या कॉलेजात गेले. हॉस्टेलात पांघरायला काही नव्हतं. तर वहिनीनं — शेवंता तिचं नाव — लग्नातली दोन लुगडी घालून मला गोधडी शिवून दिली. ज्वारीच्या दाण्याएवढा टाका, सगळीकडं सारखा. त्या गोधडीत बसून मी बी.ए.चा अभ्यास केला. हे ध्यानात ठेवा. पुढं लागेल.

शेवटच्या वर्षाला असताना भूकंप झाला. आई आणि वहिनी अंगणात निजल्या होत्या, म्हणून वाचल्या. भिंत दादाच्या अंगावर आली. मी पोचले तेव्हा त्याला काढून ठेवलं होतं — तोंडावरून ओळखू येत नव्हता, करदोट्यावरून ओळखला. गावात लाकडं पुरेनात. एकेका चितेवर दोघं-तिघं. दादाला वहिनीनं शिवलेल्या गोधडीत गुंडाळलं होतं. आधी गोधडी पेटली, मग तो. आणि मी त्या धुरात उभी राहून काय विचार करत होते? की ही वहिनी का वाचली? ही का?

पण ते कारण नाही. कारण म्हणून सांगत नाही मी.

पत्र्याच्या शेडात आम्ही तिघी कितीतरी उन्हाळे भाजून निघालो. मग लातूरला आलो. तोवर तिथं क्लासेसचं पेव फुटलं होतं. नांदेड, मुदखेड, उमरीकडून पोरी ट्रंका घेऊन उतरायच्या. आमच्या गल्लीत ज्याला त्याला खोलीत चार चार कॉट घालायची घाई. आणि त्या पोरींना पांघरायला लागणारच की! हे डोकं माझं. ते मी आजही कमी करून सांगणार नाही.

पुढची खोली शिवणाची केली. पडलेल्या घराचं दार आम्ही लातूरला आणलं होतं — ते विटांच्या दोन खांबांवर आडवं टाकलं, झाला कापायचा टेबल. भिंतीला खिळ्यांच्या रांगा, त्यावर दोऱ्याची रिळं. खिडकीखाली मशीन, म्हणजे डावीकडून उजेड येतो. जमिनीवर मोठी ताडपत्री, गोधडी ताणून धागे घालायला. सुया डब्यात, बोटावर घालायचं अंगुस्तान खुंटीला. रंगाप्रमाणं चिंध्यांची गाठोडी मी बांधली, त्यावर चिठ्ठ्या मी लावल्या. गोधडीच्या काठाची पट्टी मशीनवर शिवायची आणि आतलं सगळं हातानं. पायानं मशीन मारून वहिनीच्या पोटऱ्या भरून यायच्या, म्हणून मी मोटार बसवायची ठरवली.

मोटार रफिकचाचांनी बसवली, पायानं दाबलं की मशीन पळवणारं पायडल खाली ठेवलं. गल्लीतल्या सगळ्या मशिनी त्यांच्याच हातच्या. जाताना बजावून गेले, "उँगली सुई के नीचे, तो पाँव जमीन पे. भूलना नको." वहिनी हसली. ती जन्मभर जमिनीवर बसून शिवलेली बाई, स्टुलावर बसली तरी मांडी घालायची. पट्टी चालवायची तेवढा वेळ पाय खाली सोडायचा, काम थांबलं की परत मांडी. चाचासुद्धा म्हणाले, "इसको क्या बोलना, इसके पाँव तो ऊपरच रहते."

पहिली मोठी ऑर्डर मुलींच्या एका हॉस्टेलची होती. नमुन्याची हातभर गोधडी मी स्वतः शिवली. बी.ए. झालेली बाई, एवढं जमू नये? दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या बाई आल्या, सोबत चार पोरी. मी गोधडी पसरली — आणि टाका माझा नव्हता. वहिनीनं रात्रीतून सगळी उसवून परत शिवली होती. मला न सांगता. बाई बोटानं टाका चाचपत म्हणाल्या, "काय हात आहे हो तुमचा!" मी काही बोलायच्या आत वहिनी हसत म्हणाली, "त्यांचा न्हाई, माझा हाय. आमच्या वन्संचा टाका बी.ए. झालेला हाय — लई लांब पडतो!"

पोरी खिदळल्या. बाईही हसल्या. आणि मीही हसले. खरंच हसले.

एवढंच होतं. थट्टा. नणंद-भावजयीत होते तशी. तिनं उसवलं ते माझी लाज राखायला, हे मला तेव्हाही कळत होतं. मग? दादानं खडी फोडली, चितेच्या धुरात मी नाक पुसलं, एवढं करून मिळवलेली ती दोन अक्षरं — आणि तिच्या एका वाक्यानं पोरींना हसू यावं?

माणसं गेली. वहिनी मशीनवर बसली. दोरा तुटला, तशी तिनं पाय वर घेऊन मांडी घातली आणि सुईत दोरा ओवायला वाकली. दोरा नेढ्यातून गेला, तो ओढून घ्यायला उजव्या हाताची तर्जनी सुईखाली. मी बाजूला उभी होते. पायडल माझ्या पायाशी होतं.

मी पाय ठेवला.

चुकून नाही. तोल जाऊन नाही. बघून ठेवला, आणि दाबला. सुई नखातून आरपार गेली. ती ओरडायला तोंड उघडते तोवर दुसरा टाका पडला. तेव्हा पाय काढता आला असता. काढला का? नाही. तिसऱ्याला सुई हाडात मोडली. पांढऱ्या पट्टीवर रक्त, दोरा मांसात ओवलेला, आणि ती माझ्याकडंच बघत होती — मदतीसाठी. माझ्याकडं! आई आतून धावत आली. वहिनीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत मी म्हणाले, "मोटार आपोआप सुटली!" इतकं तयार खोटं माझ्या तोंडात कधीपासून होतं?

बोटात पू झाला. वरचं पेर काढावं लागलं. सुई धरायची ती चिमूट मोडली ती मोडलीच.

रफिकचाचा आले. मोटार सोडून पाहिली, जोडून पाहिली. स्टुलाकडं पाहिलं, मग मला एकटीला विचारलं, "बेटी, मोटार तो बराबर चल रही. और शेवंता मांडी डालके बैठती ना?" मी म्हणाले, "आपोआप सुटली म्हणजे सुटली. तिचं बोट गेलंय!" हे मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, दारात बायका जमल्या होत्या. चाचांनी क्षणभर माझ्या पायाकडं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "हाव. मोटारच खराब आसंल." आणि मोटार पिशवीत घालून घेऊन गेले. त्यानंतर आमच्या गल्लीत त्यांना कुणी मशीन उघडू दिली नाही. वर्षभरात दुकानाला कुलूप लागलं. ते नांदेडला लेकीकडं गेले, तिकडंच वारले.

दुसरी मोटार मी दुसऱ्याकडून बसवून घेतली. वहिनी अजून आहे. कापड घड्या करते, दोरे कापते, पोरींना चहा देते. आणि कुठल्याही मशीनवर कुणी दोरा ओवायला वाकलं की खोलीच्या दुसऱ्या टोकाहून उठते आणि भिंतीवरचं बटण बंद करते. गुडघे धरून उठते, पण उठते. "मोटारीचा भरवसा न्हाई गं बाई," म्हणते. दिवसातून कितीदा तरी. मी ते बघते आणि कापत राहते, दादाच्या दारावर.

खोलीत आता सहा मशिनी आहेत. आमच्या गोधड्या पुण्यापर्यंत जातात. बोर्डावर माझं नाव आहे, नावापुढं बी.ए. आहे. वहिनीच्या जुन्या गोधड्या समोर ठेवून मी हात बसवला, पोरींना आता मीच शिकवते. ज्वारीच्या दाण्याएवढा, सगळीकडं सारखा. माझा टाका आता लांब पडत नाही.