मोकळं रान

२०२२ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. माधवनगरच्या माझ्या वर्कशॉपात आम्ही विहिरीची मोटार मोबाईलवरून चालू-बंद करणारी पेटी बनवायचो. तिच्यातला प्रोग्राम सुनेनं इंटरनेटवरून घेतला आणि वर्षभर खपून त्यात भर घातली. "मोकळा हाय मामा, धंद्याला वापरला तरी चालतो," असं ती म्हणाली होती. मी चौथी शिकलेला. मोकळा म्हणजे फुकट, एवढंच मला कळलं.

मग आमची पेटी घेतलेल्या कराडच्या एका दुकानदाराचा फोन आला. त्यालाही तसल्या पेट्या करायच्या होत्या, म्हणून प्रोग्राम मागत होता. मी शिव्या घालून फोन ठेवला.

"द्यावाच लागंल मामा," सून म्हणाली. "मूळ ज्यांनी लिहिला त्यांची अट हाय. पेटी घेणाऱ्यानं मागितलं, तर आपली भर घातलेलं सगळं द्यायचं."

"मग आपल्या पेट्या कोण घेणार, तुझा बा?"

दिवसभर मला बूड टेकवेना. ताटावरनं उठलो, अंगणात येरझाऱ्या घातल्या.

शेवटी बायको म्हणाली, "आवं, तुमचा बा मेंढरं कुठं चारायचा?"

"पीक निघालेल्या रानात. मोकळ्या."

"फुकट?"

रान मोकळं असलं तरी तिथं रातभर मेंढरं बसवून लेंडीखत दिल्याबिगर बा कधी हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेकडून पेनड्राईव्ह भरून घेतला, पहिल्या एसटीनं कराड गाठलं आणि तो दुकानदाराच्या हातात ठेवला. म्हणालो, "घे. आता माझ्यापेक्षा चांगली पेटी करून दाखव."