दाखवायचे सहा मासे

नाकावर राग असलेली माणसं चटकन चिडतात आणि तितक्याच चटकन विसरतात. मावशीचं तसं नाही. ती चिडते सावकाश आणि विसरत मात्र अजिबात नाही. हॉटेलातले वाढपी तोंडावर तिला मावशी म्हणतात आणि पाठीमागे फौजदारीण. हे तिला ठाऊक आहे. मनातून ते तिला थोडं आवडतंही, पण तसं कुणी म्हणताना सापडला तर त्याची खैर नाही.

हॉटेल अगदी पाण्याला लागून. पुढे लाकडी फळ्यांचा लांब ओटा, त्यावर तीस टेबलं, कठड्याखाली लाटा आपटतात. गिऱ्हाईक तिथे बसून पाय लांब करतं, वारा खातं, फोटो काढतं. मावशी असते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे कोळशाची भट्टी आहे, भट्टीवर लोखंडी जाळी आणि भिंतीत ताटं सरकवण्यापुरती एक खिडकी. त्या खिडकीतून पाणी दिसत नाही. दिसते फक्त चार नंबरच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाची पाठ. एकोणीस वर्षं मावशीने पाठी पाहिल्या आहेत.

मासा भाजणं तिने बापाच्या होडीवर शिकून घेतलं. आई लवकर गेली, म्हणून लहानपणी बाप तिला होडीवर घेऊन जायचा. कल्ला उघडून आतली लाली कशी बघायची, अंगठ्याने पोट दाबून खळगा भरतो का ते कसं पाहायचं, हे ती अक्षरओळखीच्या आधी शिकली. जाळीवर मासा टाकला की त्याला हात लावायचा नाही. तो आपणहून सुटला की उलटायचा. जे लोक मधेमधे चिमटा घालतात त्यांना ती स्वयंपाकी म्हणतच नाही. त्यांना ती काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मोठे मालक होते तोवर सगळं सरळ होतं. पहाटे होड्या लागायच्या, मालक स्वतः धक्क्यावर जाऊन मासे आणायचे, मावशी ते निवडायची. गिऱ्हाइकाला आवडला तो मासा जाळीवर जायचा, संपले की संपले. मग मोठ्या मालकांचे गुडघे गेले आणि त्यांचा मुलगा, म्हणजे धाकटे मालक, गल्ल्यावर येऊन बसले. मावशीने त्याला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून पाहिलेलं, त्यामुळे ती त्याला अरेतुरे करायची. चारचौघांत ते त्याला खुपायचं.

धाकट्या मालकांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे रस्त्याच्या बाजूला एक मोठा फलक लावला. त्यावर मावशीचं चित्र, डोक्याला रुमाल, हातात चिमटा, चेहऱ्यावर असं हसू की मावशीला ओळखणारा कुणीही म्हणाला असता, ही दुसरीच कोणीतरी बाई आहे. खाली मोठ्या अक्षरांत ‘मावशींची भट्टी’. दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या अंगणात माणसाच्या उंचीचे दोन फ्रीजर आणून ठेवले.

आता रोज सकाळी धक्क्यावरून फक्त सहा मासे यायचे. सहाही देखणे, टवटवीत. ते एका रुंद परातीत बर्फावर मांडायचे आणि ती परात घेऊन टेबलाटेबलावर फिरायचं काम मावशीच्या धाकट्या दिराकडे. भावजींच्या जिभेवर साखर. ते वाकून म्हणायचे, “यातला कुठला भाजायला सांगू?” गिऱ्हाईक बोट ठेवायचं. भावजी परात घेऊन आत यायचे, ती बाजूला ठेवायचे, आणि मावशी फ्रीजरमधला त्याच जातीचा, कुठून कुठून खोक्यात भरून आलेला, महिन्या-दोन महिन्यांचा मासा जाळीवर टाकायची. भावजी परातीवर पाणी शिंपडून पुढच्या टेबलाकडे निघायचे. संध्याकाळपर्यंत ते सहा मासे शंभर वेळा निवडले जायचे आणि हॉटेल बंद होताना मांजरांपुढे पडायचे.

वितळलेल्या माशाला पाणी सुटतं, साल जाळीला चिकटते, मांस भुसभुशीत होतं. पण मावशीच्या हाताखाली तसं काही व्हायचं नाही. ती तो फडक्याने कोरडा करायची, तेलाचा हात फिरवायची, कोळसा एका कडेला ओढून आच धरायची. बापाने दिलेली सगळी विद्या तिने या लबाडीच्या सेवेला लावली होती. ती चिडायची, भांडी आपटायची, भावजींना टाकून बोलायची. पण मासा भाजायची. अशी दोन वर्षं गेली.

मग एका दुपारी होडीवाले काका आले.

हे तिच्या बापाच्या होडीवर दहा वर्षं सुकाणू धरून होते. मावशी फ्रॉकमध्ये होती तेव्हा यांनी तिला दोरीची गाठ मारायला शिकवली होती. आता वय झालेलं, हात कापतात. बाहेर जेवायची त्यांना सवय नाही. फलकावर मावशीचं चित्र पाहिलं म्हणून बायकोला घेऊन मुद्दाम आले होते. बसले नेमके चार नंबरच्या टेबलावर. मावशीला पाठच दिसत होती, आणि एवढ्या वर्षांत ती पाठ इतकी वाकली होती की तिने ओळखली नाही. भावजींनी परात नेली. काकांनी बराच वेळ बघून एक मासा निवडला, त्याच्या शेपटीचा कोपरा तुटलेला होता. मावशीने नेहमीसारखा फ्रीजरमधला भाजला आणि खिडकीतून सरकवला.

थोड्या वेळाने खिडकीत काकाच उभे. मावशीला भरून आलं. ती हात पुसत पुढे झाली.

“काका, तुम्ही? आधी सांगायचं ना.”

काकांनी आवाज अगदी खाली आणला. “पोरी, मी निवडलेल्याची शेपटी तुटकी होती. ताटात आलेल्याची धड आहे.”

मावशीने फडकं ठेवून चिमटा हातात घेतला.

“मी कुणाला काही बोललो नाही,” काका म्हणाले. “हिलाही नाही. तुझ्या बापाने कधी कुणाला शिळा मासा विकला नाही, आणि तू त्याचीच पोर. तेव्हा तुझ्यावर काहीतरी वेळ आली असणार. मोठी अडचण असली तर सांग मला. लाजू नकोस.”

एवढं बोलून ते गेले. ताटातला मासा त्यांनी पूर्ण संपवला होता. टाकला असता तर मावशीला नावं ठेवल्यासारखं झालं असतं, म्हणून.

काकांनी शिव्या घातल्या असत्या तर मावशीने चार परत दिल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण त्यांनी तिची कीव केली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती हातातल्या चिमट्यासकट तशीच गल्ल्यावर जाऊन उभी राहिली.

“उद्यापासून जो मासा दाखवशील तोच मी भाजणार,” ती म्हणाली. “ते जमत नसेल तर माझं चित्र उतरव.”

धाकट्या मालकांनी आधी आजूबाजूला कोण ऐकतंय ते पाहिलं. “मावशी, जरा हळू. तुम्हाला काय वाटतं, लोक इथे मासा खायला येतात? लोक पाणी बघायला येतात. मासा आपला तोंडी लावायला.”

“मग पाण्याचं चित्र लाव.”

“चित्राला तुम्ही हो म्हणाला होतात. आठवतंय ना? दोनदा रुमाल बदलून उभ्या राहिला होतात.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. फलक लागला त्या दिवशी मावशीने बहिणीला मुद्दाम त्या रस्त्याने फिरवून आणलं होतं.

त्या दिवशी घरी तिने आमटीचं पातेलं असं आदळलं की शेजारी कड्या लागल्या. तिचा नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. घरात आवाज चढला की त्याला हटकून कमी ऐकू येतं. त्या दिवशी तो जेवेपर्यंत ठार बहिरा होता. भावजी तेवढे म्हणाले, “वहिनी, हे सगळीकडे असंच चालतं. आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?”

“तुम्ही दाखवता, मी भाजते,” मावशी म्हणाली. “चेहरा मात्र माझा आहे वर.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता, तिन्हीत्रिकाळ गर्दी. बारा वाजता पाच नंबरच्या टेबलाने परातीतल्या सगळ्यात मोठ्या माशावर बोट ठेवलं. भावजींनी परात आत आणून ठेवली, तसा मावशीने तोच मासा उचलला, पोट साफ केलं, मीठ लावलं आणि जाळीवर टाकला. भावजींचा चेहरा पांढराफटक पडला.

“वहिनी, अहो, तो दाखवायचा आहे.”

“दाखवून झालाय.”

दुसराही तसाच गेला. मग तिसरा. कितीतरी दिवसांनी जाळीवर ताज्या माशाची चरबी ठिबकत होती, साल फुगून आपोआप सुटत होती, आणि मावशीच्या हाताला जणू जुनी ओळख पटत होती. पाऊण वाजेपर्यंत सहाही मासे भाजून झाले. भावजी नुसत्या बर्फाची परात घेऊन ओट्याच्या मध्यावर उभे होते, आणि गिऱ्हाइकं विचारत होती की यात निवडायचं काय.

एवढ्यात पाच नंबरचं ताट परत आलं. अर्ध्याहून जास्त मासा तसाच. मागोमाग धाकटे मालक आले, आणि मावशीला वाटलं होतं तसे ते ओरडले नाहीत. ते हसत होते.

“बाई म्हणताहेत, मासा जरा जास्तच माशासारखा लागतोय. मागच्या वेळी चांगला होता म्हणे. ऐकलंत?”

मावशीला ते ऐकावं लागलं. ज्या गोष्टीसाठी तिने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता ती ज्यांच्यासाठी केली त्यांच्या गावीही नव्हती. तिने ते ताट घेतलं, ओट्यावर गेली आणि चार नंबरच्या रिकाम्या खुर्चीत बसली. अंगावर तेलकट एप्रन, कोपरापर्यंत काजळी. शेजारच्या टेबलांवरची बोलणी थांबली. तिने हाताने तो मासा खाल्ला, काटे एकेक करून ताटाच्या कडेला लावले, डोक्यातलं मांससुद्धा सोडलं नाही. समोर पाणी होतं, पण तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मासा उत्तम होता. ती बाई चुकीची होती आणि मालकही चुकीचे होते. याबाबतीत मावशीच्या मनात आजही शंका नाही.

“उद्यापासून येऊ नका,” धाकटे मालक म्हणाले.

“नाही येत. चित्र उतरव.”

“फलक माझा आहे. तुम्ही गेलात तरी चित्र राहील.”

इथे त्याचा हिशेब चुकला. सोमवारी जेवणाच्या वेळी मावशी आली आणि रस्त्याच्या पलीकडे, फलकाच्या बरोबर समोर, फुटपाथच्या सार्वजनिक कठड्यावर बसली. ती कुणाला हाक मारत नव्हती की बोर्ड धरून घोषणा देत नव्हती. नुसती बसून होती, पण तशीच, डोक्याला रुमाल बांधून. येणारे जाणारे आधी फलकाकडे बघत, मग तिच्याकडे. कुणीतरी विचारायचंच, “तुम्ही त्याच ना? आज सुट्टी का?” त्यावर ती म्हणायची, “मी आता इथे भाजत नाही. आणि भाजत होते तेव्हाही तुम्ही बोट ठेवलेला मासा भाजत नव्हते.” ऐकून काही जण हसत आत जायचे, काही जण पुढच्या हॉटेलात. आत जाणारे जास्त होते. पण पुढे जाणारे धाकट्या मालकांना गल्ल्यावरून दिसत होते. तीन दिवस त्यांनी कळ काढली. चौथ्या दिवशी शिडी आली आणि फलक खाली उतरला. शिडी धरायला भावजी होते. मावशीकडे बघायचं त्यांनी टाळलं.

मावशी जिंकली, असं सगळे म्हणाले. बहिणीने तर पेढे द्यायच्या थाटात चार घरी सांगितलं. मावशीचा राग मात्र ओसरेना. आता तो कुणावर काढायचा हेही समजेना. मालकावर काढून झाला होता, त्या पाच नंबरच्या बाईवर काढून झाला होता, भावजींशी ती बोलत नव्हती. दोन दिवस ती घरात नुसती येरझाऱ्या घालत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चपला घातल्या आणि होडीवाल्या काकांच्या घरी गेली.

काका पायरीवर बसून मासेमारीचं जुनं जाळं उसवत होते. तिला बघताच त्यांचा चेहरा फुलला.

“ऐकलं मी. शाबास. बापाचं नाव राखलंस. मला माहीत होतं, तुझ्यावर जबरदस्ती होती.”

“जबरदस्ती नव्हती,” मावशी म्हणाली.

काकांचे हात थांबले.

“माझ्यावर काहीही वेळ आलेली नव्हती, काका. कुणी मला धमकावलं नव्हतं. नवऱ्याचं काम चांगलं चाललंय, घर स्वतःचं आहे. एका दिवसाची गोष्ट नाही, दोन वर्षं मी ते करत होते. हॉटेलावर माझं चित्र लागलं होतं आणि मला ते आवडलं होतं, म्हणून. तुम्ही आला नसतात तर आजही करत असते.”

तिने हे एका दमात सांगितलं, रागाने, त्यांनाच दटावत असल्यासारखं. आत भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मावशी तशीच उन्हात उभी राहिली. ते बस म्हणाले नाहीत, आणि जा असंही म्हणाले नाहीत. मग त्यांनी मान खाली घातली आणि जाळं उसवायला घेतलं.