ऐकू येणारा उत्क्रांतिवृक्ष

प्रा. मल्लिनाथ बिराजदार आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायला आले, त्याच आठवड्यात मी त्यांना बोलावून घेतले. माझ्या वनस्पतिशास्त्र विभागातला सूक्ष्मदर्शक त्यांनी न विचारता नेला होता. ते सूक्ष्मदर्शक घेऊनच आले. त्याचा कैक वर्षे अडकलेला स्क्रू त्यांनी सोडवला होता. मी आधी रागावले, मग आभार मानले.

सर कर्नाटक सीमेजवळच्या मुरुम गावचे. घरी कानडी, वर्गात मराठी, आवाज दोन्हीकडे मऊ.

तेर गावची सुनंदा ही आमची विद्यार्थिनी जन्मांध. तिला प्राणिशास्त्रच हवे होते. अडचण उत्क्रांतिवृक्षाची होती. कोणता जीव कोणाच्या जवळचा, हे त्या आकृतीच्या फांद्यांवरून कळते. प्राचार्यांनी निर्णय माझ्यावर सोपवला. मी स्पष्ट सांगितले, वृक्ष समजला तर विषय राहील, नाहीतर बदलावा लागेल.

सरांनी घरच्या पेटीवर त्या वृक्षाचे सूर वाजवले आणि संगणकावर जोडले. फांदी फुटते तिथे एका सुराचे दोन होतात. कोणता सूर कोणाचा, हे सर मध्येच सांगतात. नष्ट झालेल्या जातीचा सूर विरतो.

चाचणीत सुनंदा म्हणाली, मासे, बेडूक, पक्षी एकेक करून थांबले, माणूस तेवढा उरला. म्हणजे सगळ्यांचा शेवट माणसात झाला. उत्तर साफ चूक होते. मी नकार देणार, तोच सर उठले.

“बाई, तिनं बरोबर ऐकलंय. चूक माझी हाय. माणसाचा सूर मीच शेवटापर्यंत ओढला.”

“पण सर, मासे अजून हायत की,” सुनंदा म्हणाली. “त्यांना कशाला गप केलं?”

मी हसू दाबले आणि आठवड्याची मुदत दिली.

नव्या ध्वनिफितीत आज जिवंत असलेल्या सगळ्यांचे सूर एकाच क्षणी थांबत होते. मी विचारले, देवमासा कोणाच्या जवळचा, शार्कच्या की पाणघोड्याच्या? सुनंदाने हेडफोन कानांवर दाबले.

“पाणघोड्याच्या, म्याडम. शार्क लई आधी वेगळा झाला. ह्या दोघांचा सूर बराच वेळ एकच होता.”

विषय कायम झाला.

पुढे सरांनी या सुरांना चित्रफीत जोडली. सूर फुटतो तशी पडद्यावर फांदी फुटते; ऐकू न येणाऱ्यांनाही वृक्ष वाढताना दिसतो. तेरखेड्याच्या शाळेत मुलांनी ती पुन्हा लावायला लावली, हे मी स्वतः पाहिले.

आज साठी पूर्ण करणाऱ्या सरांपुढे वनस्पतींचा वृक्ष अजून बाकी आहे. त्याची आखणी आता पदवीधर झालेली सुनंदा करते आहे, पेटी सर वाजवणार आहेत, चुका मी काढणार आहे. काम लांबणारे आहे. ते पुरे होऊन पुढचे सुरू करण्याइतके आयुष्य आणि आरोग्य सरांना लाभो. त्यांनी तब्येतीला जपावे, ही माझी शुभेच्छा आहे आणि सूचनाही.