सकूवन्सांच्या अंगणातली गौर

सकूवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आणि जामसर गावची झाडू. तोंडावर म्हणते मी त्यांना, तर इथं कशाला लपवू? तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. तिथलं अंगण झाडून झालं की घरचं. पान पडायलाही घाबरतं त्यांच्या दारात.

त्यांच्या घरची रीत अशी, की गौर म्हणून तेरडा आणायचा, तोही घरच्या बाईनं माळावर जाऊन, आपल्या हातानं मुळासकट उपटून. गेल्या वर्षी गुडघ्यांनी माळ नको म्हटलं. शेजारच्या चंपानं आणून दिला.

"पाहुणी वाटली गं गौर, घरची नाही," वन्सं म्हणाल्या.

"मग माळालाच अंगणात बोलवा की," मी म्हटलं.

नवरात्रात त्यांनी चंपाकडून पिकलेली बोंडं मागवली. बोट लावलं की फटकन फुटतात.

"वहिनीच्या तोंडासारखी," मला म्हणतात! पण बी मोरीच्या कडेनं नीट टाकलं.

आषाढात मी जव्हारहून गेले, तर मोरीची कड आरशासारखी लख्ख.

"वन्सं, उगवलं नाही?"

"बारीक बारीक काहीतरी आलं होतं. सकाळी हात फिरवते ना मी…" आणि थांबल्या. दोघींनी एकदमच उकिरड्याकडे पाहिलं. वन्संचा चेहरा उतरला. यंदाही पाहुणीच गौर.

चिडवायचं सोडून मी बाई सगळं शोधलं. धुण्याच्या दगडामागं, झाडू पोचत नाही तिथं, पाच रोपं होती. मी भोवती दगड मांडले. "यांच्या आत झाडू नाही. गवत आलं तरी नाही."

"गवतसुद्धा?"

"ओळखता कुठं येतंय तुम्हाला!"

पंधरा दिवसांनी फोन. "चंपा विचारते, सकूताई, आजारी आहात का? दारात गवत माजलंय. अब्रू घालवलीस माझी!"

"तेरडा केवढा झाला?"

"गुडघ्याएवढा."

"दुखऱ्या की बऱ्या?"

फोन ठेवला त्यांनी. पण गवतालाही हात लावला नाही, चंपानंच सांगितलं मला.

गौरीच्या दिवशी माझ्यादेखत दारातून दगडापर्यंत वन्सं भिंत धरत गेल्या. पाची रोपं गुलाबी. वाकता येईना, तर ओल्या मातीत बसल्याच, नव्या लुगड्यानिशी. तीन उपटली, मुळांची माती हलकेच झाडली. चौथ्याला हात घातला आणि काढून घेतला.

"राहू देत दोन. बियाला."

नवरात्रात परत गेले. बोंडं फुटून बी उडालं होतं. अंगण लख्खच, पण ते दगड चांगले हातभर बाहेर सरकलेले, आत पालापाचोळा तसाच. मी काही बोलले नाही. खोटं कशाला, बोललेच.

"वन्सं, काय ही घाण!"

"असू दे," म्हणाल्या, "तू पाय बाहेर काढ आधी."